दावा जिंकला, पण खर्चाचे काय?



दिवाणी न्यायालयात निकाल लागला की पक्षकार वकिलांना पहिला प्रश्न विचारतो, “साहेब, आपण जिंकलो का?” दुसरा प्रश्न त्याला घरी गेल्यावर सुचतो. रात्री जेवणे झाल्यावर तो वही काढून बसतो, वकिलांची फी, नकलांचे पैसे, एस.टी.चे भाडे, बुडालेले रोज यांची बेरीज करतो आणि मग स्वतःशीच विचारतो, “आपण दावा लावला नव्हता, दुसऱ्याने आपल्यावर लावला, तो हरला. मग हे पैसे आपले का गेले?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर निकालपत्राच्या शेवटच्या दोन-तीन ओळींत असते आणि त्या ओळी फार थोडे लोक वाचतात.

माझी नोकरी दिवाणी न्यायालयाच्या कचेरीत झाली. त्यातली बरीच वर्षे हुकूमनामे तयार करण्याच्या टेबलावर गेली. हुकूमनाम्याच्या शेवटी खर्चाचा तक्ता असतो. वादीचा खर्च एका बाजूला, प्रतिवादीचा दुसऱ्या बाजूला, आणि कोणी कोणाला किती द्यायचे ते खाली. तो तक्ता मी शेकडो वेळा लिहिला, पण त्याची खरी किंमत कळली ती आमच्या घरातच दावा आला तेव्हा. म्हणून या स्मरणिकेसाठी हा विषय घेतला आहे. घर विकताना किंवा घेताना कोर्टाची पायरी चढावी लागली तर आपला खर्च परत कसा मागायचा, किती मिळतो, आणि कोणत्या चुकीने तो हातचा जातो, हे सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

थोरले बंधू वारल्यानंतर वहिनींनी तालुक्याच्या गावातले आपले दोन खोल्यांचे घर २००९ साली विकायला काढले. बंधूंच्या आजारपणातले देणे फेडायचे होते आणि धाकट्या पुतण्याच्या डिप्लोमाची फी भरायची होती. किंमत ६ लाख रुपये ठरली. ५०,००० रुपये इसार घेऊन नोंदणीकृत साठेखत झाले. उरलेली रक्कम सहा महिन्यांत देऊन घेणाऱ्याने खरेदीखत करून घ्यायचे होते. मुदत संपली, त्याचे कर्ज काही मंजूर झाले नाही. वहिनी आणखी दोन महिने थांबल्या. मग वकिलांमार्फत नोटीस दिली आणि इसाराच्या पूर्ण रकमेचा डिमांड ड्राफ्ट नोटिशीसोबत रजिस्टर पोस्टाने पाठवला. ड्राफ्ट परत आला, आणि २०१० साली समन्स आले. साठेखताप्रमाणे खरेदीखत करून मिळावे, ते न झाल्यास इसार परत मिळावा, आणि तोपर्यंत घर दुसऱ्या कोणाला विकू नये अशी तूर्तातूर्त मनाई व्हावी, अशी मागणी होती. मनाई मिळाली. त्यानंतर सहा वर्षे त्या घराला कुलूप राहिले. पुतण्याची फी पतपेढीच्या कर्जातून भरली.

२०१६ साली निकाल लागला. आपण पैसे देण्यास तयार आणि समर्थ होतो हे घेणाऱ्याला सिद्ध करता आले नाही. त्याच्या बँकेच्या पासबुकानेच त्याच्याविरुद्ध साक्ष दिली. खरेदीखताची मागणी फेटाळली गेली. इसाराची रक्कम परत करावी असा हुकूम झाला आणि खाली एक ओळ होती : “खर्च ज्याने त्याने सोसावा.” वहिनींनी मला विचारले, “भाऊजी, आपण जिंकलो ना? मग वकिलांना दिलेले चाळीस हजार?” मी न्यायालयाचा माणूस, पण त्या दिवशी मला पटकन बोलता आले नाही.

आता कायदा पाहू. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ सालची आहे. तिच्या कलम ३५ मध्ये खर्चाची मूळ तरतूद आहे. खर्च कोणी कोणाला किती द्यावा हे ठरवणे न्यायालयाच्या विवेकावर आहे. पण हा विवेक मोकाट नाही. जो हरला त्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यायचा हा सर्वसाधारण नियम, आणि न्यायालयाला तसे करायचे नसेल तर त्याची कारणे लेखी द्यावी लागतात. विद्यार्थ्यांनी हे वाक्य अधोरेखित करून ठेवावे. इंग्लंडातही हरणारा जिंकणाऱ्याचा खर्च देतो आणि आपला नियम तिकडूनच आला. अमेरिकेत मात्र करारात किंवा एखाद्या खास कायद्यात तसे नसेल तर ज्याने त्याने आपल्या वकिलाची फी सोसायची अशी सर्वसाधारण रीत आहे. आपल्याकडे नियम इंग्लंडचा आहे, पण पुष्कळदा व्यवहार अमेरिकेसारखा होतो. “खर्चाबाबत हुकूम नाही” हे वाक्य निकालाच्या शेवटी सवयीने पडते आणि जिंकल्याच्या आनंदात कोणी हरकत घेत नाही.

खर्च म्हणजे नक्की काय काय? कोर्ट फी, समन्स-नोटिशीचा खर्च, साक्षीदारांचा भत्ता आणि नियमांनी ठरवलेल्या दराने वकील फी हे तर आलेच. शिवाय १९७६ च्या दुरुस्तीने संहितेत आदेश २०-अ घातला गेला. त्याप्रमाणे दाव्यापूर्वी दिलेल्या नोटिशीचा खर्च, कैफियत टंकलिखित करण्याचा खर्च, न्यायालयातील कागदपत्रे तपासण्याची फी, न्यायालयामार्फत समन्स न काढता आपण स्वतः आणलेल्या साक्षीदारांचा खर्च, आणि अपिलासाठी घेतलेल्या नकलांचा खर्चही न्यायालय देववू शकते. पण टेबलावरचा कारकून हे सारे मनाने लिहीत नाही, त्याच्यासमोर पावती लागते. माझ्यापुढे आलेल्या प्रकरणांत पक्षकारांकडे निम्म्याहून अधिक खर्चाचा कागदच नसायचा. झेरॉक्सवाल्याकडून पावती मागायला आपल्याला संकोच वाटतो, आणि वकिलांकडून मागायला तर भीतीच वाटते. दोन्ही सोडून द्यावे. फी रोख दिली तरी सहीची पावती मागणे हा पक्षकाराचा हक्क आहे, आणि चांगला वकील ती न मागता देतो.

सर्वांत मोठी तफावत असते ती वकील फीत. पक्षकाराने प्रत्यक्ष दिलेली फी एक आणि तक्त्यात धरली जाणारी फी दुसरी. तक्त्यातली फी नियमांतील दराने मोजायची असते, आणि ते दर ज्या काळात ठरले त्या काळात सहा लाखांना बंगला मिळत असावा! या विसंगतीची दखल सर्वोच्च न्यायालयाने घेतलेली आहे. सेलम अॅडव्होकेट बार असोसिएशनच्या प्रकरणात २००५ साली न्यायालयाने सांगितले की, नाममात्र खर्च देववल्यामुळे खोट्या दाव्यांना उत्तेजन मिळते. खर्च वास्तव आणि वाजवी असावा, त्यात पक्षकाराचा गेलेला वेळ, प्रवास, मुक्काम हेही धरावे, आणि उच्च न्यायालयांनी त्याप्रमाणे नियम करावेत. हे वाचून अनेकांना वाटले की आता खरा खर्च मिळणार. पण २०११ साली दिल्लीतील एका भाड्याच्या जागेच्या वादात सर्वोच्च न्यायालयासमोर नेमका हाच प्रश्न आला. तेथे उच्च न्यायालयाने अपिलाचा प्रत्यक्ष खर्च म्हणून ४५,२८,००० रुपये देववले होते. सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला आणि नियमांप्रमाणे होणारा खर्च व वर ३,००० रुपये एवढेच कायम ठेवले. कारण स्पष्ट आहे : नियम बदलल्याशिवाय नियमांबाहेरचा खर्च देववता येत नाही. नियम बदला, ही सूचना मात्र न्यायालयाने पुन्हा केली. विधि आयोगाने २०१२ साली दिवाणी खर्चाच्या विषयावर आपला २४० वा अहवाल दिला.

बदल झाला तो २०१५ साली, पण आपल्या दारापर्यंत आला नाही. त्या वर्षीच्या वाणिज्यिक न्यायालये कायद्याने व्यापारी वादांसाठी कलम ३५ नव्याने लिहिले गेले. व्यापारी वादात वाजवी वकील फीसह खर्च देण्याचा नियम अधिक स्पष्ट झाला. पण स्थावर मिळकतीचा वाद त्या कायद्याखाली येतो तो केवळ व्यापार-धंद्यासाठी वापरल्या जाणाऱ्या मिळकतीचा. राहते घर विकणारी विधवा आणि राहायला घर घेणारा शिक्षक यांना अजून जुनेच कलम लागू आहे. ज्याला खर्च परवडतो त्याला तो अधिक मिळावा आणि ज्याला परवडत नाही त्याला कमी, ही गोष्ट मला आजवर पटलेली नाही.

तरीही जुन्या संहितेत बऱ्याच गोष्टी अशा आहेत की ज्या मागितल्या तर मिळतात आणि न मागितल्या तर कोणी आपणहून देत नाही. त्यातली पहिली कलम ३५-अ. दावा खोटा आहे किंवा केवळ त्रास देण्यासाठी आहे, आणि तो लावणाऱ्याला हे ठाऊक होते, असे न्यायालयाला वाटले तर नेहमीच्या खर्चाशिवाय नुकसानभरपाईदाखल खर्च देववता येतो. त्याची कमाल मर्यादा ३,००० रुपये आहे आणि ती १९७६ च्या दुरुस्तीपासून तशीच आहे. रक्कम ऐकून हसू येईल. पण या कलमाची एक अट फार महत्त्वाची आहे. दावा खोटा व त्रासदायक आहे अशी हरकत प्रतिवादीने आधी घेतलेली असावी लागते. म्हणजे लेखी कैफियतीतच ते लिहावे लागते, निकालानंतर आठवून उपयोग नाही. आपल्याकडील जुने वकील कैफियतीच्या शेवटी “दावा खर्चासह फेटाळावा व नुकसानभरपाईदाखल रुपये ३,००० देववावेत” असे लिहीत आले आहेत, ते याच कारणाने. हे कलम अपिलाला लागू नाही, म्हणून पहिल्या न्यायालयात चुकले की चुकलेच. रक्कम लहान असली तरी दावा जाणूनबुजून खोटा होता असा न्यायालयाचा निष्कर्ष कागदावर येतो, आणि त्या निष्कर्षाला पुढे किंमत असते.

घर विकणाऱ्याच्या दृष्टीने याहून उपयोगी कलम ९५ आहे. ते मला कचेरीत फार थोड्या वेळा पाहायला मिळाले. वादीने पुरेसे कारण नसताना तूर्तातूर्त मनाई मिळवली, किंवा त्याचा दावा फेटाळला गेला आणि तो लावण्यास वाजवी कारणच नव्हते असे दिसले, तर प्रतिवादीच्या अर्जावर त्याच न्यायालयाला भरपाई देववता येते. पूर्वी ही मर्यादा १,००० रुपये होती. १ जुलै २००२ पासून ती ५०,००० रुपये झाली आहे. घर विकता आले नाही, कर्जाचे व्याज वाढले, नावाला बट्टा लागला, हे सारे येथे मांडता येते. मात्र या अर्जाचा निर्णय झाला की त्याच कारणासाठी भरपाईचा वेगळा दावा लावता येत नाही. म्हणून नुकसान मोठे असेल तर अर्ज करायचा की वेगळा दावा, हे वकिलांशी बोलून आधी ठरवावे. अन्यायाने मिळवलेल्या मनाईमुळे झालेल्या नुकसानीच्या दाव्याची मुदत मनाई संपल्यापासून तीन वर्षे आहे. नुसता दिवाणी दावा लावला म्हणून भरपाईचा वेगळा दावा मात्र सहसा टिकत नाही, कारण त्याचा मोबदला म्हणजेच खर्चाचा हुकूम असे कायदा मानतो. मूळ निकालातला खर्च सोडून चालत नाही तो यासाठीच.

वहिनींच्या प्रकरणात कलम ९५ चा अर्ज आम्ही केला नाही. वकिलांनी सुचवले नाही आणि मलाही सुचले नाही. टेबलावर बसून कायद्याचे पुस्तक चाळणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरी ते आठवू नये, याची खंत आहे.

दावा चालू असताना घर अडकून पडते त्यावरही एक वाट आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे वादातील मिळकत विकली तरी घेणारा निकालाला बांधलेला राहतो, त्यामुळे कोणी शहाणा माणूस ती घेत नाही. पण त्याच कलमात न्यायालयाच्या परवानगीने आणि न्यायालय घालील त्या अटींवर विक्री करता येते असेही म्हटले आहे. दिल्लीतील एका घराच्या प्रकरणात दावा लावणारा हरला तर त्याने २५ लाख रुपये भरपाई देण्याची हमी लिहून द्यावी, असा हुकूम उच्च न्यायालयाने केला होता. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम टिकवला नाही, कारण तशी सक्ती करण्याला कायद्यात आधार नाही. मात्र त्याच निकालात, घरमालकांनी वाजवी तारण दिल्यास त्यांना मिळकतीचा व्यवहार करण्याची मोकळीक देता येते, हा मार्ग न्यायालयाने दाखवला. साठेखत घेणाऱ्याचा दावा अगदीच लंगडा असेल तर असा अर्ज करून पाहण्यासारखा असतो.

खर्चाचा बराच भाग तारखांवर जातो. कलम ३५-ब हे १९७६ साली घातले गेले ते यासाठी. समोरच्याने वेळकाढूपणा केला तर त्या तारखेचा खर्च त्याने द्यायचा, आणि तो दिल्याशिवाय त्याला दावा पुढे चालवता येत नाही. शिवाय सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नयेत असेही संहिता म्हणते. म्हणते खरी! प्रत्यक्षात रोजनाम्यात “तहकूब” हा शब्द किती वेळा लिहिला जातो हे आम्हा कचेरीतल्यांना विचारावे. तरीही समोरच्याने तहकुबी मागितली की आपल्या वकिलांनी दर वेळी खर्चाची मागणी तोंडी न करता अर्जावर लिहून करावी. मंजूर झालेली रक्कम त्या दिवशीच घ्यावी. हा खर्च शेवटच्या तक्त्यात येत नाही.

आणखी एक साधे हत्यार म्हणजे कागद कबूल करण्याची नोटीस. साठेखत, पासबुकाचा उतारा, नोटिशीची पोचपावती असे कागद कबूल करा, अशी लेखी नोटीस समोरच्याला देता येते. त्याने विनाकारण नाकारले तर ते कागद सिद्ध करण्याचा खर्च, दाव्याचा निकाल काहीही लागो, त्याच्यावर पडतो. न्यायालयाने उलट सांगितले तरच तो टळतो. बँकेच्या अधिकाऱ्याला साक्षीला आणायचा खर्च थोडाथोडका नसतो.

येथपर्यंत विकणाऱ्याची बाजू झाली. आता घेणाऱ्याची, कारण आपल्या सभासदांपैकी अनेकांनी गेल्या काही वर्षांत पै-पै जोडून घरे घेतली आहेत. खरेदीखत होते, रंग लावून होतो, आणि वर्ष-दोन वर्षांनी विकणाऱ्याच्या बहिणीचे समन्स येते : घर वडिलोपार्जित होते, माझा हिस्सा होता, भावाने मला न विचारता विकले. हिंदू उत्तराधिकार कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्यातील २००५ च्या दुरुस्तीने सहदायिकीच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे, आणि २००५ मध्ये वडील हयात नव्हते म्हणून तो हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. बहिणीचे म्हणणे खोटे असेलच असे मुळीच नाही. पण घेणाऱ्याने पूर्ण किंमत मोजलेली असते आणि आता वकीलही लावायचा असतो. हा खर्च कोणाचा?

प्रत्येकाने आपले खरेदीखत कपाटातून काढून पाहावे. शेवटच्या पानांकडे, सहसा सह्यांच्या अलीकडे, अशा अर्थाचे कलम असते की मिळकतीवर कोणाचा हक्क-हितसंबंध निघाल्यास त्याचे निवारण लिहून देणार स्वखर्चाने करील आणि लिहून घेणाराला त्याची तोशीस लागू देणार नाही. हे वाक्य लेखनिक पाठ असल्यासारखे लिहितो आणि आपण न वाचता सही करतो. पण ‘तोशीस लागू देणार नाही’ हीच ती हमी. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम १२४ मध्ये अशा हमीच्या कराराची व्याख्या आहे, आणि कलम १२५ प्रमाणे ज्याला हमी दिली त्याला, दाव्यात भरावी लागलेली भरपाई आणि दावा लढवण्यासाठी करावा लागलेला खर्चही हमी देणाऱ्याकडून वसूल करता येतो. येथे हक्क करारातून येतो, म्हणून खर्चाच्या तक्त्यापुरते थांबावे लागत नाही. अट एवढीच की हमी नव्हती असे समजून शहाणा माणूस जसा वागला असता तसे आपण वागलेले असावे, आणि हमी देणाऱ्याच्या सूचनांविरुद्ध गेलेले नसावे. म्हणून समन्स हाती येताच पहिल्या आठवड्यात विकणाऱ्याला पोस्टाने लेखी कळवावे : दावा आला आहे, खरेदीखतातील अमुक कलमाप्रमाणे तुम्ही तो लढवा, नाहीतर मी लढवीन आणि खर्च तुमच्याकडून घेईन. पोचपावती जपून ठेवावी. ज्यांचे खरेदीखत अजून व्हायचे आहे त्यांनी या कलमात ‘वकील फीसह सर्व न्यायालयीन खर्च’ हे शब्द घालून घ्यावेत. दोन शब्दांना मुद्रांक शुल्क वाढत नाही!

तडजोडीबद्दल थोडे. लोकअदालतीत किंवा मध्यस्थीने मिटले तर चांगलेच, वेळ वाचतो आणि वादीला कोर्ट फी परत मिळण्याची सोय आहे. पण तडजोडपत्रात खर्चाचे कलम नसेल तर नंतर कोणी कोणाला काही देत नाही. त्याचप्रमाणे हरण्याची चिन्हे दिसू लागली की काही वादी दावा काढून घेण्याचा अर्ज देतात. आपल्याला बरे वाटते, आपले वकील “हरकत नाही” लिहून देतात, आणि चार वर्षांचा खर्च पाण्यात जातो. दावा काढून घेणाऱ्याकडूनही खर्च मागता येतो. “हरकत नाही” याच्यापुढे “खर्च मिळाल्यास” हे शब्द लिहायचे असतात.

आता वहिनींच्या खर्चाचे काय झाले ते सांगतो. केवळ खर्चासाठी अपील सहसा टिकत नाही. खर्चाचे तत्त्वच डावलले गेले असेल तर गोष्ट वेगळी, पण त्यासाठी नवा खर्च करायची वहिनींची तयारी नव्हती. “जाऊ द्या भाऊजी, घर सुटले हेच पुष्कळ,” असे त्या म्हणाल्या. पण घेणाऱ्यानेच जिल्हा न्यायालयात अपील केले. समोरच्याने अपील केले की आपल्यालाही मूळ निकालातील आपल्या विरुद्धच्या भागापुरती उलट हरकत दाखल करता येते. अपिलाची नोटीस मिळाल्यापासून त्याला एक महिन्याची मुदत असते. या वेळी मी स्वतः तारीख मोजली. नव्या वकीलबाईंनी उलट हरकतीत दोनच मुद्दे घेतले. खालच्या न्यायालयाने खर्च न देण्याची कारणे लिहिली नाहीत, हा एक. आणि जी इसाराची रक्कम परत देण्याचा हुकूम झाला ती वहिनींनी दाव्याआधीच ड्राफ्टने पाठवली होती, मग त्या रकमेसाठी दावा लावण्याची गरजच नव्हती, हा दुसरा. परत आलेला ड्राफ्ट, पाकिटासकट, वहिनींनी सात वर्षे पेटीत ठेवलेला होता. पाकिटावर पोस्टमनचा शेरा होता.

२०१९ साली अपील खर्चासह फेटाळले गेले आणि उलट हरकत मंजूर झाली. दोन्ही न्यायालयांचा खर्च घेणाऱ्याने द्यावा असा हुकूम झाला. तक्ता झाला तो १४,००० रुपयांच्या आतच. वहिनींनी दोन्ही वकिलांना मिळून ६०,००० रुपये दिले होते. वसुलीसाठी दरखास्त करावी लागली नाही, कारण एकाच हुकूमनाम्याखाली दोघांचे एकमेकांकडे येणे असेल तर वजावट करता येते. वहिनींनी इसारातून खर्च वजा करून उरलेली रक्कम न्यायालयात भरली आणि पावती घेतली. घर त्यानंतर चार महिन्यांत विकले गेले, ते मात्र २००९ च्या भावाने नव्हे, चढ्या भावाने. तेवढे नशीब.

विद्यार्थी विचारतील, २०१८ च्या दुरुस्तीने यात काही बदलले का? विनिर्दिष्ट अनुतोष कायद्यात १ ऑक्टोबर २०१८ पासून बदल झाला आहे. साठेखताची पूर्तता करून द्यावी की नाही यात न्यायालयाच्या मर्जीला पूर्वी जेवढी जागा होती तेवढी आता राहिलेली नाही. त्यामुळे घर विकणाऱ्याने साठेखत करण्यापूर्वी अधिक विचार करावा. आपण तयार व समर्थ होतो हे घेणाऱ्याने सिद्ध करण्याची जबाबदारी मात्र कायम आहे.

शेवटी, ज्या खर्चाची वसुली करावी लागते तो मुळात करावाच लागू नये याचीही सोय आहे, आणि आपल्या वस्तीत ती फार थोड्यांना ठाऊक आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, अमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ रोजी. त्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना मोफत विधी सेवेचा हक्क आहे, आणि त्यांच्यासाठी उत्पन्नाची अट नाही. १९९० साली अनुसूचित जातींच्या घटनात्मक आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला, त्यामुळे जातीचा दाखला असलेल्या बौद्ध बांधवांनाही हा हक्क मिळतो. वकीलच नव्हे, तर कोर्ट फी, टंकलेखन, नकला यांचा खर्चही त्यात येतो. अर्ज तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे साध्या कागदावर करता येतो. दूरध्वनी क्रमांक १५१०० हा त्यासाठीच आहे. वहिनी दोन्ही नात्यांनी या हक्काला पात्र होत्या, स्त्री म्हणूनही आणि दाखल्यानेही. आम्ही खासगी वकील लावला तो “फुकटचा वकील काय लढणार” या समजुतीने. अपिलातल्या वकीलबाई त्याच समितीच्या यादीवरही होत्या, हे आम्हाला फी दिल्यावर कळले.

दर रविवारी सकाळी १० ते १२ मी संस्थेच्या कार्यालयात बसतो. ज्यांना समन्स, नोटीस किंवा खरेदीखत दाखवायचे असेल त्यांनी यावे. मूळ कागद घरीच ठेवावा, झेरॉक्स आणावी, आणि समन्स कोणत्या दिवशी हाती पडले ती तारीख त्यावर लिहून आणावी.